पूर्वजांचे नाव आणि वंशजांची भाषा

१

बेळगावच्या कॅम्पात ज्याचे निम्मे आयुष्य गेले आहे, त्याला पाइप बँडचे सूर कोणी ओळखून द्यावे लागत नाहीत. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून या गावी आहे. वारा अनुकूल असला म्हणजे तेथल्या कवायतीच्या वेळचा तो अखंड, किंचित रडवेला स्वर आमच्या शाळेच्या आवारापर्यंत येतो. वाजविणारे जवान साताऱ्याकडचे, कोल्हापूरकडचे, कोकणातले. त्यांची रणगर्जना शिवछत्रपतींच्या नावाची. हातातले वाद्य मात्र इंग्रजी अमदानीत स्कॉटिश पलटणींबरोबर इकडे आलेले. आता ते इतके आपले झाले आहे की, त्यावाचून कॅम्पातली सकाळ ओकीओकी वाटेल.

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात इतिहासाचा तास चालू असता हे सूर खिडकीतून आत आले आणि एका मुलाने विचारले, "सर, हे वाद्य मुळात कोणाचे?" "स्कॉटलंडचे," मी म्हणालो. "आणि स्कॉटलंडचे लोक मूळचे कोण?" "केल्ट," हे उत्तर सवयीने माझ्या तोंडून निघून गेले. मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मग आपल्या बेळगावचे मूळचे लोक कोण, सर? आमच्या घरी बाबा मराठी बोलतात, आई कानडी बोलते. मी कोणाचा धरायचा?"

वर्ग हसला. मलाही हसून वेळ मारून नेता आली असती. परंतु घरी आल्यावर तो प्रश्न मनातून जाईना. विचार करता माझ्या ध्यानात आले की, पहिल्या प्रश्नाचे मी दिलेले उत्तर निम्मे चुकीचे होते आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला देताच आले नव्हते. पुढे काही महिने सवडीने केल्टविषयक वाचन केले, तेव्हा या दोन प्रश्नांचा एकमेकांशी निकटचा संबंध आहे असे दिसून आले. केल्ट संस्कृतीचा अभ्यास कसा वाढला, त्यातून आधुनिक 'केल्ट अस्मिता' कशी उभी राहिली आणि त्या कथेपासून आम्हा सीमाभागातील माणसांना काय घेता येईल, हे येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

२

'केल्ट' हे नाव प्रथम आढळते ते ग्रीकांच्या लेखनात. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातील हेरोडोटसला युरोपच्या पश्चिमेकडे राहणारे 'केल्टोइ' ठाऊक होते. रोमन लोक त्यांना किंवा त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना 'गॉल' म्हणत. या लोकांच्या टोळ्यांनी इ. स. पू. चौथ्या शतकाच्या आरंभी रोम लुटले, इ. स. पू. २७९ मध्ये ग्रीसमधील डेल्फीवर स्वारी केली, आणि त्यांतील काही आशिया मायनरमध्ये जाऊन वसले. तो प्रदेश गॅलेशिया या नावाने प्रसिद्ध झाला. ज्युलियस सीझरने इ. स. पू. पहिल्या शतकात गॉल प्रांत जिंकला. गॉलच्या एका मोठ्या भागातील लोक आपल्या भाषेत स्वतःला केल्ट म्हणवितात, अशी नोंद त्याने करून ठेविली आहे.

येथपर्यंत सारे सरळ आहे. आश्चर्याची गोष्ट पुढेच आहे. आज ज्यांना आपण हटकून केल्ट म्हणतो ते आयर्लंड, वेल्स व स्कॉटलंड या देशांतील लोक. त्यांना प्राचीन लेखकांनी हे नाव लावलेले आढळत नाही. ते त्यांना ब्रिटन, हायबर्नियन अशा निराळ्या नावांनी ओळखतात. त्या लोकांनी स्वतःही हे नाव घेतले नव्हते. मध्ययुगातील आयरिश माणूस स्वतःला गेल म्हणवी आणि आपला कुलपुरुष स्पेनमधून आला असे सांगे. वेल्समधील माणूस स्वतःला कम्री म्हणवी आणि ट्रॉय नगरीतून निघालेल्या ब्रूटसपर्यंत आपली वंशावळ नेऊन भिडवी. आपल्याकडे देवगिरीच्या राजांनी आपले कुळ यदूपर्यंत नेले, त्यातलाच हा प्रकार. सारांश, माझ्या विद्यार्थ्याला मी जे नाव इतक्या सहजपणे सांगितले, ते त्या लोकांच्या पूर्वजांनी कधी ऐकलेही नव्हते. मग ते त्यांना मिळाले कोठून?

३

ते मिळाले भाषेच्या अभ्यासकांकडून. सोळाव्या शतकात स्कॉटिश पंडित जॉर्ज ब्युकॅनन याने १५८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासग्रंथात असे दाखविण्याचा यत्न केला की, प्राचीन गॉलमधील आणि ब्रिटनमधील भाषा परस्परांशी संबंधित आहेत. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, १७०७ साली, ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयाचा प्रमुख एडवर्ड लुइड याने वेल्श, कॉर्निश, ब्रेटन, आयरिश या भाषांचे शब्द व व्याकरण शेजारी शेजारी मांडून त्यांचे नाते सप्रमाण दाखविले. या भाषाकुलाला 'केल्टिक' हे नाव तेव्हापासून रूढ होत गेले. भाषेला नाव मिळाले, आणि भाषेवरून ते बोलणाऱ्यांना मिळाले.

यापुढचे पाऊल आपल्या देशात पडले. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढे सर विल्यम जोन्स यांनी जे प्रसिद्ध व्याख्यान दिले, त्यात संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचा उगम एक असावा हे सांगून गॉथिक आणि केल्टिक याही त्याच कुळातल्या असाव्यात असे सुचविले. जोन्स यांचे घराणे मूळचे वेल्समधले, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुढे जर्मन पंडित झॉइस याने १८५३ साली केल्टिक भाषांचे शास्त्रशुद्ध व्याकरण सिद्ध केले आणि हे नाते पक्के झाले. या विद्येची आणि संस्कृतविद्येची सोबत मग दीर्घकाळ टिकली. वैदिक समाजजीवनावर १८७९ मध्ये ग्रंथ लिहिणारे हाइन्रिख त्सिमर हे पुढे बर्लिनमध्ये केल्टिकचे प्राध्यापक झाले. डब्लिनचे व्हिटली स्टोक्स हे कायदेपंडित १८६२ साली हिंदुस्थानात आले. आपल्याकडील कायद्यांच्या संहिता तयार करण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. हाच गृहस्थ दिवसभर कायद्याचे मसुदे करी आणि उरलेल्या वेळात जुन्या आयरिश हस्तलिखितांतील टिपा लावी. त्याचा 'गॉइडिलिका' हा ग्रंथ १८६६ साली छापला गेला तो कलकत्त्यात! आयर्लंडच्या प्राचीन वाङ्मयाचे एक महत्त्वाचे पुस्तक बंगालच्या छापखान्यात तयार व्हावे, ही घटना विद्येला सरहद्द नसते याची साक्ष म्हणून पुरेशी आहे.

भाषांचे हे नाते किती जवळचे आहे हे समजावयास मोठ्या व्युत्पत्तीची आवश्यकता नाही. आपला 'राजन्' तो गॉलच्या भाषेत 'रिक्स' आणि आयरिशमध्ये 'री'. सीझरशी झुंजलेल्या व्हर्सिंजेटोरिक्सच्या नावाच्या शेवटी तोच राजा बसलेला आहे. आपल्या 'दश'ला आयरिशमध्ये 'देख', वेल्शमध्ये 'देग'. आपला 'अश्व' गॉलमध्ये 'एपोस' झाला आणि त्यावरून घोड्यांच्या देवतेचे नाव 'एपोना' पडले.

शब्दांइतकेच एका चालीरीतीचे साम्य विद्वानांना चकित करून गेले. जुन्या आयरिश कायद्यात सावकाराला बड्या असामीकडून आपले येणे वसूल करावयाचे असेल, तर त्याने त्या असामीच्या दारी उपाशी बसावे, असा विधी सांगितला आहे. आपल्याकडील 'धरणे धरून बसणे' हेच नव्हे काय? सर हेन्री मेन यांनी १८७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत या दोन रिवाजांची तुलना केली.

तथापि येथेच सावध व्हावयास पाहिजे. भाषेचे नाते म्हणजे रक्ताचे नाते नव्हे. माणसे भाषा बदलतात; जेत्याची उचलतात, व्यापाऱ्याची उचलतात, बायकोच्या माहेरची उचलतात. 'दश' आणि 'देख' यांचा आजा एक होता, एवढेच भाषाशास्त्र सांगू शकते. ते बोलणाऱ्यांचा आजा एक होता असे ते सांगत नाही.

४

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दुसरा साक्षीदार पुढे आला, तो म्हणजे उत्खननशास्त्र. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथील मिठाच्या खाणींजवळ १८४६ पासून सुमारे एक हजार थडगी उकरली गेली. १८५७ मध्ये स्वित्झर्लंडमधील नूशातेल सरोवराकाठी ला तेन येथे लोखंडी तलवारी आणि वळणावळणाच्या नक्षीच्या वस्तूंचा मोठा साठा हाती लागला. ही संस्कृती आणि ही नक्षी म्हणजेच केल्ट, असे समीकरण लवकरच बसले. शालेय पुस्तकांतील नकाशांवर मध्य युरोपातून चोहीकडे जाणारे बाण काढलेले असतात ते याच समीकरणाच्या जोरावर.

पुढील अभ्यासाने त्या बाणांना चांगलाच हादरा दिला. स्पेनमध्ये केल्टिक भाषेतील कोरीव लेख मिळतात. पण ला तेन पद्धतीची नक्षी तेथे विशेष रुजलेली नाही. आयर्लंडच्या दक्षिण भागातही त्या नक्षीच्या वस्तू फारच थोड्या, आणि भाषा तर पूर्णपणे केल्टिक. म्हणजे वस्तू एकीकडे आणि भाषा दुसरीकडे, असे वारंवार दिसू लागले. केल्टिक भाषा मुळात कोठे जन्मली यावरही एकमत नाही. बॅरी कनलिफ व जॉन कोख यांनी २०१० पासून अटलांटिक किनाऱ्याचा पक्ष मांडला. पॅट्रिक सिम्स-विल्यम्स यांनी २०२० मध्ये तो नाकारून आजच्या फ्रान्सच्या परिसराकडे बोट दाखविले.

तिसरा साक्षीदार रक्ताचा. ब्रिटनमधील लोकांच्या आनुवंशिक घटकांची एक विस्तृत पाहणी २०१५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. वेल्स, कॉर्नवॉल, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड येथील 'केल्ट' लोकांचा मिळून असा एकच गट तीत आढळला नाही. भाषा, वस्तू आणि रक्त हे तिघे साक्षीदार एकाच कज्जात उभे राहिले, पण तिघांच्या जबान्या तीन निघाल्या.

५

आधुनिक 'केल्ट' अस्मिता मात्र या जबान्यांची वाट पाहत थांबली नव्हती. १७६० नंतर स्कॉटलंडच्या जेम्स मॅक्फर्सनने ओसियन नावाच्या प्राचीन कवीची काव्ये सापडली असे जाहीर केले आणि सारा युरोप त्यांवर लुब्ध झाला. जुन्या लोकगीतांचे काही धागे घेऊन त्याने ती बहुतांशी स्वतःच रचिली होती, हे पुढे उघड झाले. १७९२ मध्ये योलो मोर्गानुग या वेल्श कवीने लंडनच्या प्रिमरोझ टेकडीवर 'प्राचीन' कविमंडळाचा विधी साजरा केला. त्याची प्राचीनता त्याच्याच कल्पनेतून आलेली होती. स्कॉटलंडमधील प्रत्येक कुळाचे निराळ्या चौकड्यांचे ठराविक वस्त्र हीदेखील बव्हंशी एकोणिसाव्या शतकाची करणी होय. १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिंबरोस आला त्या समारंभाने या फॅशनला मोठीच चालना मिळाली.

यामुळे १९९० नंतर काही अभ्यासकांनी सारा डोलाराच मोडीत काढला. माल्कम चॅपमन यांचा ग्रंथ १९९२ चा, सायमन जेम्स यांचा १९९९ चा. बेटांवरचे केल्ट हे आधुनिक काळाने निर्माण केलेले लोक आहेत, असा त्यांचा आशय. या मतावर वेल्स-आयर्लंडमध्ये खूप चिडचिड झाली, आणि ती समजण्यासारखी होती. आपले नाव कालपरवाचे आहे असे कोणी सांगितले, तर आपणच खोटे ठरलो असे माणसाला वाटते.

मला या वादात एक मधला मार्ग दिसतो. नाव नवे असले तरी त्याखाली एकत्र आलेल्या लोकांचे सुखदुःख खरे असू शकते. केल्टिक लीग ही १९६१ मध्ये स्थापन झालेली संस्था सहा प्रदेशांना केल्टिक राष्ट्रे मानते, आणि त्यासाठी तिने लावलेली कसोटी भाषेची आहे. स्पेनमधील गॅलिशियाला प्राचीन केल्ट पूर्वजांचा अभिमान आहे, तेथे पाइपही वाजतात. परंतु केल्टिक भाषा तेथे उरलेली नसल्यामुळे १९८० नंतरच्या दशकात त्याला त्या मालिकेत स्थान मिळाले नाही. पूर्वज असून उपयोग झाला नाही; बोलणारे लागले.

६

आता बेळगावकडे येतो. आमच्याकडेही हे तिन्ही साक्षीदार वर्षानुवर्षे कोर्टात उभे आहेत. १९५६ च्या १ नोव्हेंबरला हा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९६७ मध्ये महाजन आयोगाने बेळगाव शहर म्हैसुरातच ठेवावे असा अहवाल दिला. महाराष्ट्राने तो मानला नाही आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लाविला. या साऱ्या काळात दोन्ही बाजूंच्या व्याख्यात्यांनी शिलालेख, ताम्रपट आणि देवळे ही जणू सात-बाराचे उतारे म्हणून वापरली. तरुणपणी मीही वापरली आहेत.

परंतु दगडांना मातृभाषा विचारू गेल्यास ते काय सांगतात? शहरालगतच्या वडगाव-माधवपूर येथे सातवाहनकालीन वस्ती होती. तेथील ब्राह्मी लेख प्राकृतात आहे. खानापूर तालुक्यातील हलशी म्हणजे कदंबांची पलाशिका. तेथील जुने ताम्रपट संस्कृतात आहेत. किल्ल्यातील कमळ बस्ती रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या मंत्र्याने १२०४ च्या सुमारास उभारली; रट्टांचे लेख कानडीत आहेत. ज्यांना आम्ही महाराष्ट्राचे मानबिंदू मानतो त्या देवगिरीच्या यादवांचेही अनेक लेख कानडीत आहेत. उलट मराठीतील अतिप्राचीन लेखांत ज्याची गणना होते तो श्रवणबेळगोळचा लेख कर्नाटकाच्या पोटात, गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेला आहे, आणि त्याच्या शेजारी कानडी व तमिळ लेख गुण्यागोविंदाने नांदत आहेत. प्रत्येक बाजूला आवडेल असा एक दगड आहे आणि नावडेल असाही एक आहे.

नावांचीही तीच कथा. इंग्रजांनी धारवाड-बेळगावच्या या मुलखाला 'दक्षिण मराठा देश' म्हटले, कारण त्यांनी तो मराठे जहागीरदारांच्या अमलाखाली पाहिला. त्यातील बहुसंख्य खेड्यांत कानडी बोलली जाई ही गोष्ट त्या नावाने झाकली गेली. पुढे जे. एफ. फ्लीट यांनी येथील राजघराण्यांचा इतिहास लिहिताना ग्रंथाच्या नावातच 'कानडी जिल्हे' असा शब्द योजिला. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे सरकारी नाव बेळगावी झाले. दर वेळी नाव ठेवणारा निराळा होता; आणि नाव बदलले म्हणून खडेबाजारातील दुकानदाराने गिऱ्हाइकाशी बोलण्याची भाषा बदलली नाही. समोरचा ज्या भाषेत भाव विचारतो, त्या भाषेत तो सांगतो.

मूळ कोण, या प्रश्नावर आपल्या पंडितांनीही थोडी शक्ती खर्च केलेली नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी महाराष्ट्रिक आणि नाग यांच्या मिश्रणातून मराठे झाले अशी उपपत्ती मांडली. शं. बा. जोशी यांनी १९५२ मध्ये 'मऱ्हाटी संस्कृती' या ग्रंथात महाराष्ट्राच्या संस्कृतीचा पाया कानडी आहे असे प्रतिपादन केले, आणि तेही मराठीत लिहून. त्यांच्या सगळ्या व्युत्पत्ती पटण्याजोग्या आहेत असे नव्हे. परंतु एक गोष्ट मला नेहमी विचार करावयास लावते. कानडीतील हे थोर संशोधक जन्मले बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर गावी. आणि १८४३ साली त्याच गावी मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म झाला होता. त्या गावाने कोणाचा वारस व्हावे? कानडीचे महाकवी द. रा. बेंद्रे यांची मातृभाषा मराठी; मराठी कथेला नवे रूप देणारे जी. ए. कुलकर्णी यांनी अध्यापन केले ते धारवाडात. ही माणसे सरहद्दीच्या दोन बाजूंची मानली, तर त्यांचे निम्मे अंग कोठे ठेवावयाचे हा प्रश्न पडेल.

भाषेची साक्ष तर याहून बोलकी आहे. आमच्या घरातील अण्णा आणि अक्का, स्वयंपाकघरातले तूप, पानाच्या तबकातला अडकित्ता हे सारे कानडीशी नाते सांगणारे शब्द. १९७१ मध्ये दोन महत्त्वाचे शोधनिबंध एकाच ग्रंथात प्रसिद्ध झाले. फ्रँकलिन साउथवर्थ यांनी मराठीच्या घडणीत द्राविडी भाषिकांचा किती खोल वाटा असावा याची चर्चा केली. गंपर्झ व विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावच्या बोलीचा अभ्यास मांडला. त्या गावात कानडी, मराठी व उर्दू बोलणारी घरे शेकडो वर्षे शेजारी राहिली. शब्द ज्याचे त्याचे राहिले, पण वाक्यांची ठेवण इतकी एकसारखी झाली की, एका भाषेतील वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेता यावे. हे गाव मला नकाशावरच्या सर्व बाणांपेक्षा अधिक शिकवून गेले.

७

मग भाषेचा अभिमान सोडावयाचा काय? मुळीच नाही. तो ठेवावयाचा कोठे, एवढाच प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर पुन्हा केल्टांच्या कथेतच मिळते.

मॅथ्यू आर्नल्ड हा इंग्रजीतील थोर समीक्षक. केल्टिक वाङ्मयावर त्याने ऑक्सफर्डमध्ये दिलेली व्याख्याने १८६७ मध्ये ग्रंथरूपाने आली. केल्टांची भावनाशीलता, त्यांची निसर्गभक्ती यांचे त्याने तोंड भरून कौतुक केले. विद्यापीठात केल्टिकचे अध्यासन असावे असा आग्रह धरिला, आणि १८७७ मध्ये ते झालेही. परंतु हाच आर्नल्ड पोटासाठी शाळा-तपासनीस होता, आणि व्यवहारातून वेल्श भाषा जितक्या लवकर नाहीशी होईल तितके बरे, असे त्याच व्याख्यानांत त्याचे मत आहे. त्या काळी वेल्समधील कित्येक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवीत. जुनी पोथी अध्यासनावर आणि जिवंत बोली शिक्षेच्या पाटीवर, असा तो न्याय होता.

तरीही वेल्श टिकली, ती कशामुळे? १५८८ मध्ये बायबल वेल्शमध्ये आले. अठराव्या शतकात ग्रिफिथ जोन्स या धर्मोपदेशकाने गावोगाव फिरत्या शाळा काढून शेतकऱ्यांना ते वाचावयास शिकविले. १९३९ मध्ये ॲबरिस्टविथ येथे वेल्श माध्यमाची पहिली प्राथमिक शाळा उघडली ती अवघ्या सात मुलांवर. १९६७ व १९९३ च्या कायद्यांनी भाषेला हक्क दिले. २०२१ च्या जनगणनेत वेल्समध्ये ५,३८,००० हून अधिक लोकांनी, म्हणजे शेकडा १७.८ जणांनी, आपणांस वेल्श बोलता येते असे सांगितले. शिरगणतीमागून शिरगणती हा आकडा कमी होत आहे ही चिंता तेथेही आहे. परंतु भाषा जिवंत आहे.

आयर्लंडची गोष्ट याहून शिकविणारी. तेथे स्वतंत्र राज्य आले, १९३७ च्या घटनेने आयरिशला पहिल्या राजभाषेचा मान दिला, शाळांतून ती सक्तीची झाली. २०२२ च्या जनगणनेत सुमारे पावणेएकोणीस लाख लोकांनी आयरिश येते असे लिहून दिले. शाळेबाहेर ती रोज बोलणारे मात्र निघाले सुमारे ७२,०००. राजमान्यता मिळाली, प्राचीनत्व निर्विवाद होते. कमी पडला तो ओसरीवरचा वापर.

आमच्या मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने अभिजात भाषेचा दर्जा दिला. शेजारच्या कन्नडला तो २००८ मध्येच मिळाला होता. आम्ही शाळेत पेढे वाटले. मी मुलांपुढे मराठीच्या दोन हजार वर्षांवर भाषण केले. मुले शिस्तीत ऐकत होती; परंतु बोलता बोलता माझी नजर मागच्या रिकाम्या बाकांवर गेली. मी नोकरीस लागलो तेव्हा पाचवीच्या दोन तुकड्या दाटीने भरत. आज एक तुकडी भरविण्यासाठी आम्हा शिक्षकांना मे महिन्यात घरोघर हिंडावे लागते. जे पालक सीमाप्रश्नाच्या मोर्चात पुढे असतात, त्यांतील पुष्कळांची मुले इंग्रजी माध्यमात असतात. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. माझ्या धाकट्या मुलीला मी स्वतःच तेथे घातले होते. कानडी शाळेतील माझे स्नेही मुख्याध्यापक हेच गाऱ्हाणे सांगतात. पूर्वजांबद्दल आम्ही दोघे भांडत राहिलो आणि वंशज मात्र दोघांच्याही हातून निसटत आहेत.

म्हणून मराठीच्या हक्काचे समर्थन मी ताम्रपटावर करू इच्छीत नाही. तो हक्क आज येथे मराठी बोलणाऱ्या माणसाचा आहे. त्याला सरकारी कागद त्याच्या भाषेत मिळावा, त्याच्या मुलाला त्याच्या भाषेत शिकता यावे, ही मागणी न्याय्य ठरण्यासाठी कार्तवीर्याला मराठी ठरवावे लागत नाही. तोच न्याय कानडी बोलणाऱ्या माझ्या शेजाऱ्यालाही लागू आहे, मग तो सरहद्दीच्या कोणत्याही अंगाला राहत असो.

८

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मी पुढच्या आठवड्यात दिले. मी फळ्यावर दोन शब्द लिहिले : 'आम्ही' आणि 'आपण'. "आम्ही सहलीला जाणार" म्हटले म्हणजे ऐकणारा बाहेर राहतो. "आपण सहलीला जाणार" म्हटले म्हणजे तो आत येतो. संस्कृतात हा भेद नाही, हिंदीतही प्रमाणभाषेत नाही. तमिळ-तेलुगूत आहे, आणि मराठीने तो द्राविडी शेजारामुळे घेतला असावा, असे भाषाशास्त्रज्ञांचे मत आहे. घरात दोन भाषा बोलणाऱ्या कितीतरी पिढ्यांतील आयांनी हा भेद आपल्या लेकरांच्या तोंडी घातला असेल.

"तुझ्या आईकडून आलेली वस्तू तुझ्या बाबांच्या भाषेत अशी बसली आहे," मी त्याला म्हटले. "तू कोणाचा, हे मी ठरविणार नाही. दोन्ही भाषा नीट लिही, नीट वाच, आणि पुढे तुझ्या मुलांना दे."

त्याने वहीत दोन्ही शब्द उतरून घेतले. मग मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, "सर, पण ते बाजाचे उत्तर राहिलेच की." मैदानावरून सूर येतच होते. मी त्यांना सांगितले की, गेल्या वेळी मी 'केल्ट' म्हणालो ते घाईने म्हणालो होतो. आणि मग तासाचा उरलेला वेळ आम्ही ते नाव कोठून आले याच्या शोधात घालविला.